आवाज विकायचा की भाड्याने द्यायचा?

रेल्वे स्टेशनवरची घोषणा नीट कान देऊन ऐकली, तर तिचे सांधे ऐकू येतात. गाडीचा क्रमांक एका सुरात, स्टेशनचं नाव जरा वरच्या पट्टीत आणि फलाटाचा आकडा भलत्याच ठसक्यात. ते वाक्य कुणी एका दमात बोललेलंच नसतं. आकडे, स्टेशनांची नावं, ‘उशिराने धावत आहे’ असे तुकडे सुटे सुटे रेकॉर्ड केलेले असतात आणि संगणक ते वेळेनुसार जोडून वाजवतो. मध्य रेल्वेवर वर्षानुवर्षं कानावर पडलेला असा एक आवाज सरला चौधरी यांचा. १९८० च्या दशकात त्या उद्घोषक म्हणून रेल्वेत लागल्या. पुढे दुसऱ्या विभागात गेल्या, घोषणा संगणकावर आल्या, पण रेकॉर्ड केलेला आवाज वाजत राहिला. बाई एका खात्यात, आवाज दुसऱ्या खात्यात कामाला.

(तुकडे जोडून सगळंच बोलता येत नाही, हेही याच रेल्वेने पाहिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीच्या केबिनमध्ये उद्घोषक विष्णू झेंडे ड्युटीवर होते. दहशतवाद्यांचा गोळीबार सुरू झाल्याचं पाहून त्यांनी माइकवरून प्रवाशांना बाहेर पडायच्या सूचना दिल्या. ती वाक्यं कुठल्याच यंत्रणेत साठवलेली नव्हती.)

व्हॉइसओव्हरच्या, म्हणजे धंद्यातल्या भाषेत ‘व्हीओ’च्या जगात एआयवरून सध्या जी धुसफूस चालू आहे, तिचं मूळ सुट्या तुकड्यांच्या या सांध्यांतच आहे. अमेरिकेतल्या सुझन बेनेट यांची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असते. २००५ च्या जुलैमध्ये महिनाभर, रोज चार-चार तास, त्यांनी घरच्या स्टुडिओत बसून चित्रविचित्र वाक्यं वाचली. वाक्यांना अर्थ असायचाच असं नाही. इंग्रजीतल्या ध्वनींच्या सगळ्या जोड्या त्यांत आल्या पाहिजेत, एवढीच अट. स्कॅनसॉफ्ट या कंपनीने त्या तासांचे पैसे दिले आणि व्यवहार संपला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलचा नवा आयफोन आला आणि एका सहकाऱ्याने बेनेट यांना कळवलं, अगं, ही ‘सिरी’ म्हणजे तूच ना? जगभरच्या खिशांत आपण बोलतोय हे त्यांना असं कळलं. त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. अ‍ॅपलने तर तो आवाज त्यांचा असल्याचं कधी मान्यही केलं नाही.

बेनेट यांचा आवाज रेकॉर्ड करायला महिना लागला होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘वॉल-ई’ नावाची प्रणाली मांडली, तिला आवाजाची नक्कल करायला अवघ्या ३ सेकंदांचा नमुना पुरत होता. ३ सेकंद म्हणजे ‘हॅलो, हो, बोला, कोण बोलतंय?’ एवढं. ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसायच आवाज आहे, त्याचे तर तासन् तास नमुने यूट्यूबवर पडलेले असतात.

आता या धंद्यात विकलं काय जातं ते पाहू. बाहेरच्याला वाटतं, माणूस स्टुडिओत गेला, अर्धा तास वाचलं, पैसे घेतले. पण जाहिरातीच्या कामात पैशांचे दोन भाग असतात: स्टुडिओतल्या वेळेचे आणि वापराचे. जाहिरात रेडिओवर वाजणार की टीव्हीवर, इंटरनेटवरही जाणार का, फक्त महाराष्ट्रात की देशभर, तीन महिने की वर्षभर, यावर दुसरा भाग ठरतो. मुदत संपली की पुन्हा बोलणी. हा सरळ सरळ आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे: जागा तुमची, वापर त्यांचा, करार संपला की किल्ली परत. जागा कायमची देऊन टाकायची असेल तर तिला या धंद्यात ‘बायआउट’ म्हणतात आणि त्याचा भाव वेगळा असायला हवा. हवा, असं म्हणायचं कारण हे की, मराठीत बहुतेक वेळा तो वेगळा नसतो. हिंदी जाहिरातीचा आवाज वर्षासाठी घेतला जातो आणि त्याच जाहिरातीचा मराठी आवाज त्याहून कमी पैशांत कायमचा घेतला जातो, ही तक्रार स्टुडिओच्या चहावर नेहमीची.

कंपन्यांच्या अंतर्गत फिल्म, ई-लर्निंग, फोनवरचं ‘मराठीसाठी अमुक दाबा’ यांत बायआउटच चालतो आणि तो चालणं रास्तही आहे. डबिंगचा हिशेब आणखी वेगळा: चित्रपटामागे किंवा भागामागे ठरलेली रक्कम, नंतर तो चित्रपट शंभरदा लागो. अल्लू अर्जुनच्या ‘पुष्पा’ला हिंदीत श्रेयस तळपदे यांचा आवाज आहे आणि ‘बाहुबली’त प्रभासला शरद केळकर यांचा, हे आपल्याला माहीत असतं, कारण ते दोघे पडद्यावरही दिसतात. चेहरा नसलेल्या डबिंग कलाकाराचं नाव ओटीटीवर अगदी शेवटी येतं आणि तोवर पुढचा भाग आपोआप सुरू झालेला असतो.

नाव नसणं ही या कामाची जुनी अट आहे. जाहिरातीत तेलाचं नाव लक्षात राहिलं पाहिजे, वाचणाऱ्याचं नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून सुरू झाली, म्हणजे देशातल्या आकाशवाणीच्या जाहिरातींना पहिलं दार महाराष्ट्रात उघडलं. त्याआधीपासून फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना मराठी निवेदन लागतच होतं. बाळ कुडतरकरांचा आवाज दोन पिढ्यांनी ऐकला, पण त्यांचा चेहरा किती जणांनी पाहिला? सह्याद्रीवरच्या बातम्यांमुळे प्रदीप भिडे घराघरांत ओळखीचे झाले, म्हणून त्यांच्या निवेदनांना निदान नाव चिकटलं. ‘महाभारत’ मालिकेतला ‘समय’ म्हणजे हरीश भिमानी. त्यांना निवेदनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘मला लाज वाटत नाही’ या मराठी माहितीपटासाठी, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नाही.

आणि नाव नसण्याची किंमत आता न्यायालयात कळते आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमिताभ बच्चन यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला: त्यांचं नाव, छबी, आवाज परवानगीशिवाय वापरायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना तसंच संरक्षण मिळालं, त्यात त्यांचं ‘झकास’ही आलं. २६ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या प्रकरणात आणखी नेमकं बोट ठेवलं. प्रसिद्ध गायकाच्या आवाजात कुणाचाही आवाज बदलून देणारी एआयची साधनं परवानगीविना पुरवणं, हेच मुळात त्या गायकाच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचं उल्लंघन आहे, असं न्यायालय म्हणालं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयातून असा दिलासा मिळाला.

आदेश योग्यच आहेत. पण त्यांचा पाया प्रसिद्धीवर उभा आहे. माझा आवाज ऐकताच लोक मला ओळखतात, त्यातून मला बाजारमूल्य आहे, ते दुसऱ्याने लुटू नये, असा हा युक्तिवाद. डोंबिवलीहून अंधेरीला जाऊन बँकेची जाहिरात वाचणाऱ्या मुलीने हा युक्तिवाद कसा करायचा? लाखो लोकांनी तिला ऐकलं आहे, ओळखत कुणीच नाही. आणि ओळखू नये याचेच तर तिला पैसे मिळाले.

कॉपीराइट कायद्यात तिच्यासाठी काहीच नाही असं नाही. १९५७ च्या या कायद्याच्या कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा हक्क आहे, त्याची मुदत ५० वर्षं. सादरकर्त्याच्या व्याख्येत अभिनेते, गायक यांच्या जोडीने सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती येते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाची मोडतोड करून अप्रतिष्ठा होत असेल तर हरकत घेण्याचा हक्कही दिला. मेख अशी की, हे सगळं त्या दिवशी रेकॉर्ड झालेल्या वाचनाला लागू होतं, गळ्याला नाही. तिच्या आवाजात यंत्राने उद्या नवंच वाक्य म्हटलं, तर ते तिचं सादरीकरण म्हणायचं का? कायदा लिहिताना हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता.

हीच अडचण न्यूयॉर्कच्या एका खटल्यात उघडी पडली. पॉल लेरमन आणि लिनिया सेज हे व्हॉइसओव्हर करणारं जोडपं. ‘फायव्हर’ या संकेतस्थळावरून त्यांना कामं आली. लेरमन यांना सांगितलं, शैक्षणिक संशोधनासाठी हवंय; सेज यांना सांगितलं, रेडिओ जाहिरातींच्या चाचणीसाठी. एकाला १,२०० डॉलर मिळाले, दुसरीला ४००. मग २०२३ च्या उन्हाळ्यात गाडीत एक पॉडकास्ट ऐकताना त्यांना लेरमन यांचाच आवाज ऐकू आला. एआयमुळे हॉलीवूडचं काय होणार, या विषयावर एका यंत्राची मुलाखत चालली होती आणि यंत्र लेरमन यांच्या आवाजात उत्तरं देत होतं. (कथेत लिहिलं असतं तर संपादकाने ‘अतिरंजित’ म्हणून काट मारली असती.) त्यांनी एआयचे आवाज विकणाऱ्या ‘लोवो’ या कंपनीवर दावा लावला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ट्रेडमार्कचे आणि बरेचसे कॉपीराइटचे मुद्दे फेटाळले, पण करारभंगाचा, ग्राहक-फसवणुकीचा आणि न्यूयॉर्क राज्याच्या नागरी हक्क कायद्याचा मुद्दा पुढे चालवायला मुभा दिली. बड्या नावाची ढाल नसलेल्या माणसांना शेवटी कामी आला तो कागद आणि राज्याचा कायदा. टेनेसी राज्याने तर जुलै २०२४ पासून प्रत्येकाच्या आवाजाला, प्रसिद्ध असो वा नसो, कायद्याने संरक्षण दिलं आहे. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत आधार कराराचाच.

म्हणून करारातली एक ओळ भिंग लावून वाचावी: ‘सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, सध्या ज्ञात व भविष्यात विकसित होणाऱ्या सर्व तंत्रज्ञानासाठी, कायमस्वरूपी.’ ही ओळ बहुतेक वेळा कुणी मुद्दाम घातलेली नसते. जुन्या मसुद्यातून ती तशीच पुढे सरकत आलेली असते. आक्षेप घेतला तर निघतेही. तिच्या जागी उत्पादनाचं नाव, माध्यम, मुदत आणि ‘या ध्वनिमुद्रणाचा वापर कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी किंवा यंत्र शिकवण्यासाठी करता येणार नाही’ एवढं एक वाक्य हवं. करारच नसेल तर, आणि मराठीत तो बऱ्याचदा नसतोच, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर हे चार मुद्दे लिहून समोरच्याचा ‘ओके’ घ्यावा. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया ही संघटना आहे. एकट्याने भांडण्यापेक्षा तिचा आधार बरा. यंत्रासाठी आवाज द्यायचाच नाही, असं मी म्हणणार नाही. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’मधल्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी वाक्यं वाचून आवाज दानही करता येतो. तो खुल्या परवान्याखाली जातो आणि एकदा वाटला गेला की परत मागता येत नाही, हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

बाकी नव्याने शिरणाऱ्याला लागणारी सामग्री आता स्वस्त झाली आहे. ‘ऑडॅसिटी’ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइकपेक्षा खोली महत्त्वाची. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेतलं तरी प्रतिध्वनी पुष्कळ मरतो. ऑडिओबुकसाठी ऑडिबलच्या यंत्रणेचं मोजमाप डोळ्यांसमोर ठेवावं: शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली, आवाजाची सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान, शिखर उणे ३ च्या वर नाही. ऑडिओबुकचं स्टोरीटेल हे अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठीसकट, तेव्हापासून कादंबरी दहा-बारा तास एका दमसासात वाचू शकणाऱ्यांना काम आहे. स्टुडिओत जाताना बांगड्या, घड्याळ, सळसळणारी साडी टाळायची. तोंड चिकट होऊन जिभेचे टकटक आवाज येतात म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड चघळायची.

वेगावर मात्र घरी घड्याळ लावून मेहनत घ्यावी. ३० सेकंदांच्या जाहिरातीत मराठी शब्द जेमतेम साठ-पासष्ट मावतात आणि हिंदीवरून केलेला तर्जुमा हमखास ऐंशीचा असतो. म्युच्युअल फंडाच्या इशाऱ्याचा वेग तर सेबीने नियमातच सांगितला आहे: १४ शब्द, किमान ५ सेकंद. हे १४ शब्द इंग्रजी वाक्याचे. मराठीत तेच बसवताना गुरगावहून फोनवर असलेला ग्राहक ‘थोडं फास्ट’ म्हणतो आणि कॉपीतले दोन शब्द गाळायची सूचना शेवटी वाचणाऱ्यालाच करावी लागते. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले दोन ‘च’ वेगळे, हे फोनपलीकडच्याला सांगायचं कामही वाचणाऱ्याचंच. यंत्रही अजून इथे अडखळतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये, शिकेल ते.

राहिली ऑडिशन. संहिता येते, ‘जरा वाचून पाठवा ना’ असा निरोप येतो, पैशांचं नाव नसतं आणि कधी कधी ते ‘सॅम्पल’च सुखेनैव प्रसारित होतं. जुनी मंडळी यावर तीन गोष्टी करतात. पूर्ण संहिता वाचत नाहीत, उत्पादनाचं नाव बदलून वाचतात, आणि पाठवण्याआधी फाइलच्या मध्ये कुठेतरी एक बारीक ‘बीप’ टाकतात. आवाज पसंत पडायला तेवढं ऐकणं पुरतं. बीपशिवायची फाइल हवी असेल तर आधी दर, माध्यम आणि मुदत लिहून यावी लागते.