नायगावची लेक आणि आपली शाळकरी मुले



खोडवा, खते, पाचट सोडून ऊस विकासवाल्यांनी शाळेचा विषय कशाला काढला, असे काही जण विचारतील. कारण सांगतो. ऊसनोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो. ओसरीवर चहा होतो आणि घरधनी बोलून जातात, "साहेब, शेतीत आता राम राहिला नाही." त्यांचे दुःख खोटे नाही. खताचा भाव, पाण्याची पाळी, तोडीची वाट पाहणे, सगळे आम्ही जाणतो. पण तिथेच कोपऱ्यात दप्तर उघडून बसलेले पोर ते ऐकत असते. रोज ऐकून त्याला वाटू लागते की आपण कष्ट केले काय अन् न केले काय, व्हायचे तेच होणार. पिकावर पडलेली कीड डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही.

बरे, यावर "बाळा, सगळं चांगलं होईल" एवढे म्हणून भागत नाही. पर्जन्यछायेतल्या खंडाळा तालुक्यातल्या पोराला आभाळाचा भरवसा कुणी द्यावा? पोरे हुशार असतात, पोकळ बोल लगेच ओळखतात.

मग शिकवायचे काय? लांब जायला नको. आपल्याच तालुक्यातले नायगाव घ्या. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाई जन्मल्या. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे जोतिरावांनी त्यांना शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि नायगावची ही लेक तिथे शिकवू लागली. वाटेत लोक शेण-चिखल मारीत. म्हणून त्या जास्तीचे एक लुगडे बरोबर नेत, शाळेत गेल्यावर बदलीत आणि शिकवायला उभ्या राहत, असे सांगतात. १८४९ मध्ये दोघांना राहते घर सोडावे लागले, तरी काम थांबले नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या भुकेल्यांसाठी झटल्या, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या.

शाळेतल्या भाषणांत बाईंचे मोठेपण सांगतात, ते योग्यच आहे. पण आमच्या मते मुलांना ते लुगडे आधी सांगावे. उद्याही शेण पडणार हे त्यांना ठाऊक होते. ते पडणार नाही अशा भ्रमात त्या नव्हत्या. तरीही शाळेला जायचेच, म्हणून त्यांनी तयारी केली. आशा म्हणतात ती ही. सातवी-आठवीच्या पोराला एवढे नीट कळते.

दुसरा धडा आपल्या शिवारातला. एका शाळेत गुरुजींनी आम्हाला उसाची माहिती द्यायला बोलावले होते. भाषण बाजूला ठेवून आम्ही बेणे घेऊन गेलो. प्रत्येकाने दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-शेणखत भरून एक डोळ्याचे एक टिपरे लावले आणि पिशवीवर आपले नाव घातले. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसू लागले. महिन्याने पुन्हा गेलो तर बऱ्याच पिशव्या हिरव्या, काही तशाच कोऱ्या. एका मुलीची पिशवी कोरी होती. ती मागे उभी, डोळे भरलेले. "माझंच का नाही उगवलं?" आम्ही तिला खोटे सांगितले नाही. सगळे डोळे कधीच फुटत नाहीत. तुझ्या वडिलांच्या सरीतही जागा रिकाम्या राहतात. मग वडील काय करतात? ती म्हणाली, "नांग्या भरतात." तिने दुसरे टिपरे मागून घेतले आणि जुनी माती उपसून पुन्हा लावले. ते उगवले की नाही, हे आम्ही अजून पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट पोरांना आवडते. आपण फडात रोज 'फुले २६५' म्हणतो. हे वाण २००७ साली प्रसारित झाले. नावातले फुले म्हणजे सावित्रीबाईंचे यजमान जोतिराव, कारण कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. एक नवे वाण शेतकऱ्याच्या हाती यायला दहा-बारा वर्षे जातात. हजारो रोपे लावायची, तपासायची, बहुतेक टाकून द्यायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून! आपण मात्र तोड आठ दिवस लांबली की आभाळ कोसळल्यासारखे करतो. असो.

येत्या ३ जानेवारीला आपापल्या शाळेतली मुले नायगावचे स्मारक पाहायला न्यावीत, अशी मुख्याध्यापकांना व सभासदांना विनंती आहे. त्या दिवसांत हंगाम भरात असतो आणि ऊसतोड टोळ्या गावाबाहेर कोप्यांत उतरलेल्या असतात. त्यांचीही पोरे शाळेच्या वयाची आहेत. गाडीत जागा करून त्यांना सोबत घ्यावे. त्यांचे आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात, तेव्हा मुकादमाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

शाळेसाठी नऊ ते अकरा महिने वयाचे, बेणेमळ्यातले निरोगी बेणे लागेल. एका शाळेला दोन मोळ्या पुरतात. ज्या सभासदांना द्यायचे असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे, नेण्याची व्यवस्था आम्ही करू. नांग्यांसाठी थोडी टिपरी जास्त धरावीत.