माणिकडोहचे बिबटे आणि आपल्या समजुती

शिवनेरी पाहून झाला की बरोबरचं कोणीतरी हमखास म्हणतं, "इथे जवळच बिबट्यांचं केंद्र आहे ना? पोरांना दाखवून आणू." ओढ खरी असते, पण समजूत चुकीची. जुन्नर तालुक्यातलं माणिकडोह बिबट निवारा केंद्र हे प्राणिसंग्रहालय नाही. वनविभाग आणि 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था मिळून ते चालवतात, आणि तिकीट काढून बिबटे बघत फिरण्याची सोय तिथे नाही. ते योग्यच आहे. तिथला एखादा फासकीत पाय गमावून आलेला असतो, एखादा विहिरीत पडून जायबंदी झालेला. समोर गर्दी झाली की असा बिबट्या कोपऱ्यात दबतो, नाहीतर गजांना धडका देतो, लोखंड चावून सुळे मोडून घेतो. सुळे गेले की शिकार गेली.

मग लोक विचारतात, यांना डांबून कशाला ठेवायचं, लांबच्या जंगलात सोडून द्या की. हा समज सर्वांत महागात पडलेला आहे. २००१ नंतर जुन्नर भागात नेमकं हेच केलं गेलं: शेतातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार बिबटे असे सोडायला लागण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, त्यानंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तिथे थांबत नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळ पोहोचला. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलंही दगावली आहेत. तिथल्या आईबापांचा संताप मला पूर्णपणे समजतो. म्हणूनच सांगायला हवं, की बिबट्या नुसता इथून तिथे नेल्याने त्यांची मुलं सुरक्षित होत नाहीत.

प्राणी दत्तक घेण्याच्या योजनेबद्दलही गोंधळ आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी दत्तक घेता येतो, म्हणजे वर्षभराच्या त्याच्या सांभाळाचा खर्च आपण उचलतो. प्राणी तिथेच राहतो, त्याच्यावर आपला हक्क काही येत नाही. मला ही मदत फार मोलाची वाटते, कारण मटण आणि औषधं रोज लागतात, आणि बंदिवासातला बिबट्या वीस वर्षंही जगू शकतो. बछडं मांडीवर घेऊन फोटो काढू देणारी जागा मात्र, जगात कुठेही असो, निवारा नव्हे. तिथे पैसे देऊ नका.

आणि आता बछड्यांचं. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात आणि सगळे म्हणतात, आईने टाकली. बहुतेक वेळा तिने टाकलेली नसतात. दाट ऊस म्हणजे तिच्या दृष्टीने बाळंतपणाची सुरक्षित जागा. कोयत्यांच्या आवाजाने ती तेवढ्यापुरती बाजूला झालेली असते. कळवळून पिल्लू घरी नेलं, दूध पाजलं, हाताळलं, की त्याचं रानातलं आयुष्य धोक्यात येतं. माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला ना शिकार येते, ना माणसाची भीती राहते. मग उरतो तो जन्मभराचा पिंजरा. आपल्या हातून होणारी सर्वांत मोठी मदत याच क्षणी असते: तोड थांबवायची, लोकांना मागे घ्यायचं, १९२६ वर वनविभागाला कळवायचं.

पथक येतं, पशुवैद्य पिल्लं तपासतात. अंधार पडायच्या सुमारास ती होती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, ट्रॅप कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जातात. फड शांत झाला की आई येते, वास घेते, क्रेट कलंडवते. एकाला मानेला धरून उसात घेऊन जाते, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते.