झोपेचा हिशेब

गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या सचिवताईंनी २,१०० च्या जागी १,२०० लिहिले. हिशेब काही जुळेना. तीनदा बेरीज केल्यावर चूक सापडली आणि सगळ्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रात्री तीनला नळ येतो गं. पाणी भरल्यावर कुठली झोप?"

मग आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर झोपेचाच हिशेब मांडला. कोण किती वाजता आडवी होते, किती वाजता उठते. तेरा जणींत सात तास भरले ते एकीचेच, आणि तिला दोन सुना आहेत!

मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास झोप लागते. "मला पाच तास पुरतात" असं आपण अभिमानानं सांगतो. पण शरीराला त्याची सवय होत नाही. थकवा कळेनासा होतो, एवढंच. चुका होतच राहतात.

झोपलो म्हणजे शरीर रिकामं बसलं असं नाही. रात्रीच्या झोपेत रक्तदाब खाली उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. वर्षानुवर्षं हा विसावा कमी पडला की बीपीचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. साखरेचंही तसंच. झोप अपुरी झाली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तातली साखर रक्तातच रेंगाळते. त्यात भूक वाढते. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गोड चहा आणि फरसाण का खावंसं वाटतं, ते आता कळलं ना? चिडचिड, उदासी, सारखी सर्दी, यांचंही मूळ पुष्कळदा इथंच असतं.

आणि अपघात. सलग १७-१८ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं थोडी दारू प्यायल्यासारखं मंद चालतं. पहाटे चारला उठलेली बाई रात्री दहाला अठरा तास जागी असते, आणि तेव्हा ती चुलीपाशी किंवा शिलाई मशीनवर असते. आमच्या एका मैत्रिणीचं बोट कडबाकुट्टीत गेलं. सगळे म्हणाले मशीन वाईट, कोणी म्हणालं नशीब वाईट. ती आदल्या रात्री किती झोपली होती, हे कोणीच विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

आता कोणी म्हणेल, ज्यानं त्यानं लवकर झोपावं. इतकं सोपं असतं तर! २०१९ च्या देशभरच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. तो वेळ कुठून येतो? पुष्कळदा झोपेतून. पुरुषांचीही झोप मोडतेच. शेतपंपाला रात्रीची वीज असली की दार धरायला अंधारातच जावं लागतं. म्हणजे नळाची वेळ, विजेची वेळ, कामाची वाटणी, हे सगळं आरोग्याचंच झालं. नुसत्या बीपीच्या गोळीनं ते भागत नाही.

आपल्या हातातलंही थोडं आहे. रात्री झोपताना मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडा. तंबाखूनं झोप उडते, बाकीचं नुकसान वेगळंच. चहा दुपारनंतर नको. मोबाईल उशाशी नको (हे आम्ही स्वतःलाही सांगतोय). पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह कमी असू शकतं, तपासून घ्या. घरात कोणी जोरात घोरत असेल आणि मध्येच श्वास अडकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. डॉक्टरांना दाखवा. तिशी ओलांडलेल्यांची बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारा.

सचिवताईंच्या घरी आता सोमवारी आणि गुरुवारी पाणी त्यांचे यजमान भरतात. पहिल्या दिवशी त्यांनी हंडा आपटून सगळी गल्ली जागी केली म्हणे. नळ संध्याकाळी सोडावा असा अर्ज आम्ही तेरा जणींच्या सह्यांनी ग्रामपंचायतीत दिलाय. उत्तर अजून नाही. पुढच्या ग्रामसभेत आम्ही ते पान घेऊन जाणार आहोत.