गच्चीवर जाताय? आधी वर बघा!

मे महिना. माहेरी सगळी भाचरं जमलेली. भावाने मुलांसाठी गच्चीवर हवा भरायचा प्लास्टिकचा पूल मांडला होता. ऊन उतरलं की पोरं त्यात डुंबायची आणि आम्ही बायका वाळलेल्या कुरडया डब्यात भरत बसायचो.

एका संध्याकाळी चेंडू शेजारच्या पत्र्यावर गेला. तो काढायला बारा वर्षांचा भाचा जळमटं काढायचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा घेऊन धावला. ओलं अंग, अनवाणी पाय. त्याने दांडा उभा केला आणि जिन्यातून आई ओरडली, "अरे टाक तो खाली! वर बघ जरा!"

आम्ही सगळ्यांनीच वर पाहिलं. विजेची तार दांड्याच्या टोकापासून जेमतेम हातभर अंतरावर होती.

काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. वहिनी म्हणाली, "ही तार इतकी जवळ आली कशी?" आई शांतपणे म्हणाली, "तार नाही आली गं. आपणच वर गेलो."

खरंच की! घर बैठं होतं तेव्हा तार कितीतरी उंच होती. मग वरचा मजला चढला. फरशी कुठली, रंग कुठला यावर महिनाभर चर्चा झाली. तारेचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

आता चौकशी केल्यावर कळलं, की नियम स्पष्ट आहेत. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरगुती पुरवठ्याची उघडी तार गच्चीवरून जात असेल, तर ती किमान २.५ मीटर उंच हवी. बाजूने जात असेल तर १.२ मीटर लांब हवी. ११ हजार व्होल्टची लाइन वरून जात असेल तर ३.७ मीटर. आधीपासून तार असलेल्या जागी घर बांधायचं किंवा वाढवायचं असेल, तर वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना आधी लेखी कळवायचं असतं. तार हलवायचा खर्चही आपणच भरायचा. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

पण मैत्रिणींनो, नियमातलं अंतर पाळलं तरी निर्धास्त राहू नका. २.५ मीटर म्हणजे साधारण आठ फूट. नुसता हात वर केला तर ठीक, पण हातात दहा फुटी दांडा असेल तर? म्हणूनच अमेरिकेच्या नियमावलीत पोहण्याच्या तलावाच्या पाण्यापासून साध्या पुरवठ्याच्या तारासुद्धा साडेबावीस फूट दूर ठेवायला सांगितलं आहे. तलाव साफ करायच्या जाळ्यांचे दांडे लांबलचक धातूचे असतात आणि माणूस ओला असतो. ओल्या अंगातून वीज सहज वाहते.

घरात ट्रिप होणारा स्विच आहे, असं म्हणून भागत नाही. रस्त्यावरची तार मीटरच्या अलीकडची. तिथे घरातला स्विच काही करू शकत नाही.

हे लक्षात ठेवा :

* तारेखाली किंवा तारेलगत मुलांचा पूल, टब मांडू नका. अंगणात मोकळ्या जागी मांडा.
* लोखंडी शिडी, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, आंब्याचा झेला तारेजवळ उभा करू नका. ओला बांबूही धोक्याचाच.
* कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला बांधू नका. दोरी वापरा.
* तारेत पतंग, कपडा अडकला तर काढायला जाऊ नका.
* ११ हजार व्होल्टच्या लाइनला स्पर्श व्हायचीही गरज नसते. फार जवळ गेलं तरी वीज उडी घेते.
* तार तुटून पडली तर मुलं, गुरं लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.
* कुणी तारेला चिकटलं तर हात लावू नका. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा. १०८ ला फोन करा. मोठ्या लाइनपुढे कोरडी काठीसुद्धा उपयोगाची नाही.

भावाने दुसऱ्याच दिवशी वीज कार्यालयात अर्ज दिला. पूल अंगणात आला. दांडा आता जिन्याखाली, कुलपात.

घर बांधताना मापं पुरुष ठरवतात, पण कपडे, पापड आणि मुलं घेऊन रोज गच्चीवर जातो आपण. तेव्हा आज संध्याकाळी कपडे काढायला जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि एकदा वर बघा.