ताळा, ताळेबंद आणि विदा

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी पहिल्याच तासाला एक प्रश्न विचारतो. तुम्ही बँकेत ५०० रुपये भरलेत. पासबुकात ते जमेच्या, म्हणजे क्रेडिटच्या रकान्यात दिसतात. पण तुमचे पाठ्यपुस्तक सांगते की बँकेतली शिल्लक ही तुमची मालमत्ता, तेव्हा ती डेबिट. मग खोटे कोण बोलते, बँक की पुस्तक?

वर्ग गप्प होतो. बारावीला हिशेबाच्या विषयात नव्वद गुण मिळवलेली मुलेही गप्प होतात. 'येईल ते डेबिट, जाईल ते क्रेडिट' हे सूत्र त्यांनी पाठ केलेले असते, आणि पाठ केलेल्या सूत्राला असा आडवा प्रश्न पेलत नाही.

मग मी फळ्यावर 'नावे' आणि 'जमा' असे दोन शब्द लिहितो. वडोदऱ्यातल्या माझ्या वर्गात मराठी घरांतली मुले थोडी, गुजराती बरीच. पण गुजरातीतही उधार आणि जमा असेच म्हणतात, त्यामुळे कोणाचे अडत नाही. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या नावावर रक्कम लिहायची, ती 'नावे'. ज्याचे आपण देणे लागतो त्याच्या खात्यात ती 'जमा'. आता पासबुक उघडा. ती तुमची वही नव्हेच. बँकेच्या खतावणीतल्या तुमच्या पानाची ती नक्कल आहे. बँक तुमचे ५०० रुपये देणे लागते, म्हणून तिच्या वहीत ते जमा. तुमच्या वहीत तेच ५०० बँकेच्या नावे. दोघेही खरे बोलतात. डेबिट-क्रेडिट या शब्दांतून जी गोष्ट महिनाभर कळत नाही, ती इथे दहा मिनिटांत कळते.

मला स्वतःला ती महाविद्यालयात कळली नव्हती. दांडिया बाजारातल्या आमच्या आजोबांचे किराणा दुकान होते. त्यांच्या लाल बासनातल्या वह्यांना रेघा नसत, कागदाला घड्या घालून रकाने पाडलेले असत. उधारी खात्यांत जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे, म्हणजे इंग्रजी पद्धतीच्या नेमकी उलट. मी पुस्तक घेऊन आजोबांशी वाद घातला की तुमच्या वह्या उलट्या आहेत. ते म्हणाले, "बाजू बदल हवी तर. माणूस बदलू नकोस." पुढे वाचले की लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. त्याने ती शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. शास्त्र दुकानातून विद्यापीठात गेले, उलट नव्हे.

आमच्या गावाला या शब्दांची जुनी काळजी आहे. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला. हिशेबाची मराठी मात्र कधी सोवळी नव्हती. जमा, बाकी, खर्च, हिशेब हे अरबी-फारसीतून आलेले शब्द, आणि त्यांच्या शेजारी भांडवल, घसारा, येणे-देणे गुण्यागोविंदाने नांदतात.

यातला माझा सर्वांत आवडता शब्द 'ताळा'. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करत एका अंकावर येणे, हा ताळा जुन्या पिढीतल्या सर्वांनी केला आहे. 'ताळेबंद' म्हणताना मला त्यात तोच ताळा ऐकू येतो. गंमत अशी की हिशेबनिसाची सर्वांत नेहमीची चूक या ताळ्यात सापडत नाही. विजेचे बिल ५,४९० रुपयांचे आहे आणि घाईत ५,९४० लिहिले गेले. दोन्हींच्या अंकांची बेरीज १८, म्हणून ताळा दोन्ही वेळा ९. पण फरक पाहा : ४५०, म्हणजे नऊ गुणिले पन्नास. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, नेहमीच. तेरीज जुळत नसेल तेव्हा जुना मुनीम आधी तफावतीला नऊने भागून बघे, तो यामुळे. आजच्या जीएसटी क्रमांकातही पंधरावे अक्षर आधीच्या चौदांचा ताळा म्हणूनच ठेवलेले असते.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे पहिल्या वर्षाचे. त्यापुढे विद्यार्थी वित्तीय अहवालाकडे येतो आणि तिथे त्याला धक्का बसतो, कारण इथे बेरजेपेक्षा अंदाज अधिक. यंत्र किती वर्षे चालेल? त्यावर घसारा ठरतो. उधारीतली किती रक्कम बुडेल? तेवढी तरतूद करावी लागते. दिवाळीत उधार विकलेल्या मालाचे पैसे संक्रांतीला आले तरी विक्री दिवाळीचीच धरायची, म्हणून नफा आहे आणि गल्ल्यात पैसा नाही असे होऊ शकते. त्यासाठी रोख प्रवाहाचे वेगळे पत्रक. कंपनीचा ताळेबंद कोणत्या नमुन्यात मांडायचा ते २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत दिले आहे, पण नमुना भरता येणे म्हणजे हिशेब येणे नव्हे. ताळेबंदाखालच्या टिपा आधी वाचा, असे मी मुलांना सांगतो. कंपनी जे मोठ्याने सांगत नाही ते तिथे असते.

आणि जुळलेला ताळेबंदही खोटा असू शकतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मला एका पतपेढीच्या लेखापरीक्षणाला पाठवले होते. मुदत ठेवींच्या पावत्या तपासणे हे माझे काम. मूळ पावत्या लॉकरमध्ये आहेत असे सांगून मला छायाप्रती दाखवल्या. मी एकेक रक्कम नोंदवहीशी ताडली, हिरव्या शाईने खुणा केल्या, बेरीज रुपयाला रुपया जुळली. दोन वर्षांनी उघडकीस आले की त्यांतल्या तीन ठेवी कधीच मोडल्या होत्या. बँकेला एक पत्र लिहिले असते तर कळले असते. माझ्या मावशीची निवृत्तीची रक्कम त्या पतपेढीत होती. तिला निम्मी परत मिळाली, तीही सहा वर्षांनी. हिरव्या खुणा माझ्या होत्या हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही.

पुढे ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांचे पत्र जाहीर झाले. वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. तो आकडा वाचून मला पावत्यांच्या छायाप्रती आठवल्या. जमा आणि नावे दोन्हीकडे तीच खोटी रक्कम लिहिली तर तेरीज जुळणारच. दुहेरी नोंद हातून झालेली चूक पकडते, लबाडी नव्हे. लबाडी पकडायची तर वहीबाहेर जावे लागते.

गेल्या काही वर्षांत अभ्यासक्रमात आलेले विदा-विश्लेषण मला इथे उपयोगी वाटते. (परिभाषेत 'विदा', वर्गात 'डेटा'. मी दोन्ही चालवून घेतो.) पूर्वी बारा हजार बिलांतली साठ निवडून तपासत असू. आता बाराही हजार संगणकावर चाळता येतात. एकच बिल दोनदा दिले आहे का? रविवारी रात्री अकराला नोंद कोणी केली? कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारता येतो. निम्मा वेळ मात्र विदा साफ करण्यात जातो. एकच पुरवठादार पाच तऱ्हांनी लिहिलेला असतो. नावावर जाऊ नका, जीएसटी क्रमांकावर जुळवा. त्यातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे म्हणजे त्याचा पॅन.

मुलांना सर्वांत भुरळ पडते ती बेनफर्डच्या नियमाची. नैसर्गिक रीतीने वाढत जाणाऱ्या रकमांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, आणि ९ असण्याचे पाचाहूनही कमी. कारण सोपे आहे. हजाराचे दोन हजार व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते, तोवर पहिला अंक १ च राहतो. नऊ हजारांना दहा हजार व्हायला अकरा टक्के वाढ पुरते. मनाने रचलेल्या रकमांत हे प्रमाण सहसा साधत नाही. आयकरात एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांहून अधिक रोखीने दिलेला खर्च सहसा वजावटीस धरत नाहीत, तेव्हा खर्चाच्या यादीत ९,८०० आणि ९,९०० ची गर्दी दिसली की भुवई उंचावते.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने प्रकल्पासाठी आपल्या वडिलांच्या रंगांच्या दुकानाची विक्री घेतली. आलेखात ९ चा खांब १ च्या खांबापेक्षा उंच. तिने घरी जाऊन वडिलांना विचारले, जरा अधिकच थेट विचारले असावे, कारण त्यांनी दोन दिवस अबोला धरला. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एवढेच म्हटले की आलेख बंद कर आणि बिले काढ. शनिवारभर दुकानात बसून तिने पुठ्ठ्याच्या खोक्यातली बिले एकेक करून पाहिली. सर्वांत अधिक खपणाऱ्या पांढऱ्या रंगाच्या डब्याची किंमत ९४५ रुपये होती.