एकाच शरीराची निरनिराळी चित्रे

क्ष-किरणांचा साधा फोटो खालच्या पायरीवर, त्यावर सोनोग्राफी, त्याहून वर सी.टी. स्कॅन आणि सर्वांत वर एम.आर.आय., अशी एक शिडी पुष्कळांच्या मनात असते. ज्या तपासणीस खर्च अधिक ती अधिक खरी, हा समज त्यातूनच उत्पन्न होतो. वस्तुतः ही चित्रे शरीराच्या निरनिराळ्या गुणधर्मांची असतात. एकीत जे दिसते ते दुसरीत दिसेलच असे नाही.

विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली, कारण धातू आणि हाडातील कॅल्शियम हे किरण अधिक शोषतात, मांस कमी. असे चित्र म्हणजे एक प्रकारची सावलीच होय, आणि सावलीत पुढच्यामागच्या वस्तू एकमेकींवर पडतात. ही अडचण गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने दूर केली. किरण सभोवार फिरवून अनेक दिशांनी मोजमापे घ्यावयाची व गणकयंत्राकडून शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र रचून घ्यावयाचे, ही सी.टी.ची युक्ती. १९७१ साली लंडनमधील एका रुग्णाचा मेंदू प्रथम अशा रीतीने पाहण्यात आला. मात्र यात किरणांची मात्रा वाढते. छातीच्या साध्या फोटोतील मात्रा निसर्गातून काही दिवसांत मिळते तितकीच असते; डोक्याच्या सी.टी.त ती सुमारे वर्षभराची होते.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. सेकंदास काही दशलक्ष कंपनांचा, कानास न ऐकू येणारा ध्वनी शरीरात सोडून त्याचे प्रतिध्वनी टिपतात. म्हणूनच गर्भाच्या तपासणीस ती योग्य. (गर्भाचे लिंग सांगण्यास मात्र भारतात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.) हवा आणि हाड यांपुढे हा ध्वनी हतबल ठरतो, त्वचेवर चिकट लेप लावतात तो मधली हवा घालविण्यासाठी.

एम.आर.आय. मुख्यतः पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनचा माग घेते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ चुंबकात रुग्णास ठेवून रेडिओलहरींनी हायड्रोजनची अणुकेंद्रे चाळवतात व ती पूर्वस्थितीस येताना जे संकेत देतात त्यांवरून चित्र बनते. मऊ ऊतींतील सूक्ष्म भेद येथे उत्तम कळतात. शरीरात धातू असल्यास मात्र ते आधी सांगितलेच पाहिजे.

या भेदाचे महत्त्व पक्षाघाताच्या झटक्यात कळते. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, किंवा फुटली असेल. बाह्य लक्षणे सारखीच. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि वाहिनी फुटलेली असता तेच प्राणघातक ठरू शकते. ताजे सांडलेले रक्त सी.टी.त पांढरे दिसते व तपासणी काही मिनिटांत उरकते. गुठळीमुळे उपाशी पडलेला भाग आरंभी तीत बहुधा दिसतही नाही; एम.आर.आय.मध्ये तो फार लवकर दिसतो. तरीही बहुतेक ठिकाणी रुग्णास प्रथम सी.टी.कडेच नेतात, कारण त्या घटकेस रक्तस्राव नाही एवढे कळणे पुरेसे असते.