ऑर्डरची नोंद : घरबसल्या मिळालेली खतावणी

गावाकडे वाण्याच्या दुकानात आपल्या नावाची एक वही असे. काय नेले, केव्हा नेले, किती झाले, सारे तिच्यात लिहिलेले. पण वही वाण्याकडे. आज सेंदाईत आपण तांदूळ, तूरडाळ, औषधे फोनवरच मागवतो. फरक इतकाच, की ही वही आता आपल्यालाही उघडून बघता येते. दुकानाच्या ॲपमध्ये ‘चूमोन रिरेकी’ किंवा ‘कोन्यू रिरेकी’ असे लिहिलेले दिसते, तीच ही वही.

तिची रचना सोपी आहे. प्रत्येक मागणीबरोबर ग्राहकाचा क्रमांक, तारीख, वस्तू, नग आणि त्या दिवशीचा भाव साठवला जातो. आपण प्रवेश केला, की दुकान फक्त आपल्या क्रमांकाच्या नोंदी दाखवते. म्हणूनच एक पथ्य पाळावे : सगळ्या घराने एकच खाते वापरले, तर प्रत्येकाची औषधे प्रत्येकाला दिसतात.

गेल्या फेब्रुवारीत मी कराच्या कामासाठी ही वही उघडली. जपानमध्ये जानेवारी २०१७ पासून ‘सेल्फ मेडिकेशन’ ही करसवलत आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ठरावीक औषधांवर कुटुंबाचा वर्षाचा खर्च १२,००० येनच्या वर गेला, तर वरची रक्कम उत्पन्नातून वजा होते. कमाल मर्यादा ८८,००० येन. अट अशी, की करदात्याने त्या वर्षी आरोग्यतपासणी किंवा लसीकरण करून घेतलेले असावे. नोकरीतली वार्षिक तपासणी चालते. मात्र नेहमीची वैद्यकीय खर्चाची वजावट आणि ही, यांपैकी एकच घेता येते.

आमच्या चौघांचा खर्च २१,५०० येन निघाला. म्हणजे वजावट ९,५०० ची. प्राप्तिकर १० टक्के आणि रहिवासी कर १० टक्के धरला, तर वाचले सुमारे १,९०० येन. फार नव्हे, पण सोडून का द्यावेत?

खरी किंमत दुसरीकडेच होती. यादी वाचताना दिसले, की डोकेदुखीच्या १२ गोळ्यांची पाकिटे पहिल्या सहामाहीत ४ आणि दुसऱ्या सहामाहीत ११ आली होती. सगळी माझ्यासाठी. म्हणजे महिन्याला २२ गोळ्या! सुटी पाकिटे घेताना हे कधी जाणवलेच नव्हते. मी यादी छापून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सांगितले, की साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मिश्र औषधांना ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. “किती गोळ्या घेता?” या प्रश्नाला मी तोंडी उत्तर दिले असते, तर “अधूनमधून” असेच म्हटले असते. वही मात्र खरे बोलली. औषध त्यांच्या सल्ल्यानेच कमी केले.

वाचकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. ऑर्डरची यादी म्हणजे पावती नव्हे. पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, औषधाचे नाव, किंमत आणि ते सवलतीस पात्र असल्याची खूण हवी. घरी छापलेला कागद चालेल का, हे आधी विचारावे. न चालल्यास दुकानाकडून पावती मागवावी. पावत्या ५ वर्षे जपाव्यात.

२. मागील वर्षाचा परतावा राहून गेला असल्यास तो पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून ५ वर्षांत मागता येतो. सेंदाईत उत्तर, मध्य आणि दक्षिण अशी तीन करकार्यालये आहेत; आपल्या वॉर्डाचे कोणते ते पाहून जावे.

३. मायदेशी परतताना खाते बंद करण्याआधी यादी उतरवून घ्यावी. खाते गेले, की वहीही हाती लागेलच असे नाही.

आओमोरीच्या हाचिनोहे गावी जन्मलेल्या हानी मोतोको यांनी १९०४ साली गृहिणींसाठी जमाखर्चाची वही छापली. आपली वही तर आपोआपच लिहिली जाते. महिन्यातून एकदा, चहा घेता घेता, ती वाचण्याचे कष्ट तेवढे आपण घ्यावेत.